वाकड्या शेपटाची डिग्री

सेक्टर ६, भिलाई
वैशाखातला शुक्रवार

तीर्थरूप दादा,

धाकट्या देवरावचा तुमच्या अन् मथुरा वहिनीच्या पायावर नमस्कार. इकडं आमी तिघंही ठीक आहो. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या फोनवर तुमी म्हणाले बरा आहे, पण मांगून वहिनी काहीतरी वेगळंच ओरडून राहिल्या होत्या, म्हणून पुन्हा विचारतो. ऊन लय तापून राहिलं आहे, दुपारी बांधावर जाऊ नका. (जाल तुमी, मले माहीत आहे. पण लिहायचं माह्यं काम.) फोन सोडून पत्र कावून, असं तुमाले वाटन. तं फोनवर तुमी मले बोलू देत नाही. एकोणसाठ वर्षांचा झालो तरी तुमी ‘हं, ठेव आता’ म्हणता अन् मी ठेवतो. कागदाले मधातच ‘ठेव’ म्हणता येत नाही.

तं दिवाळीतली गोष्ट आठवा. तुमच्या आंगणात चहा पिता पिता तुमी आमच्या हर्षाचा विषय काढला. पोरगी एकोणतीसची झाली, पाच वर्षांपासून कॉलेजात उंदरं पाळून राहिली, आमगावचं स्थळ चालून आलं, पोरगा तहसीलात, अन् ही नाहीच म्हणते. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं तुमी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले. मले झोंबलं, दादा. पण तुमच्यासमोर माही जीभ टाळूले चिकटते, म्हणून भलत्याच शहाणपणानं मी शब्द देऊन बसलो, का वैशाखापर्यंत पोरीच्या हाती पीएचडीची डिग्री नाही आली तं आमगाव पक्कं. घरी येऊन हर्षाले सांगतलं. ती ‘ठीक आहे बाबा’ म्हणाली अन् उंदरांकडं निघून गेली. तिची माय हिरा मात्र चार दिवस माह्याशी बोलली नाही. (स्वयंपाक करे, पण ताट आपटे.)

मग मी ठरवलं, का पोरगी करते काय ते तरी समजून घ्यावं. दर रविवारी तिच्यासमोर वही घेऊन बसलो. हसू नका. आपल्या आंगात पेशी असतात, कोट्यवधी. दर पेशीले एक भिंत, म्हणजे पातळ पडदाच, चरबीच्या दोन थरांची. ती चरबी म्हणजे बारीक बारीक कण, एकेकाले एक डोकं अन् दोन शेपटं. तूप-डालड्यातली शेपटं सरळ, म्हणून ती एकमेकाले चिकटून बसतात अन् थंडीत डबा दगडासारखा होते. अन् आपल्या जवसाच्या तेलातली शेपटं दोन-दोन, तीन-तीन जागी वाकलेली! ती भिंतीत गेली का आजूबाजूच्यांले नीट चिकटू देत नाही, मधात जागा राहते. भिंत मऊ राहते, तिच्यातली प्रोटीनची दारं इकडून तिकडं सरकू शकतात, अन् पेशी जिवंतपणानं वागते. उंदरांले जवसाचं तेल चारलं का त्याईच्या रक्तातल्या पेशींच्या भिंतीत काय काय बदलते, हेच आपल्या हर्षानं पाच वर्षं मोजलं.

मले तं घाम फुटला. चौतीस वर्षं मी स्टील प्लांटात रेल, म्हणजे आगगाडीचे रूळ, सरळ करायच्या मशीनवर आहो. वाकडी रेल आली का रोलरमधून काढायची, तरीही वाकडी राहिली तं बाजूले टाकायची. माह्या हातून किती वाकड्या रेली भंगारात गेल्या, देव जाणे. अन् माह्याच घरात माही पोरगी सांगून राहिली, का शरीरात सगळं सरळच असतं तं माणूस जाग्यावर गोठला असता! त्या रविवारी मी दुपारी जेवलो नाही.

आता गोंधळ सांगतो. रायपूरले वायवा ठरली, म्हणजे सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा. परीक्षा झाली का पोरांनं सगळ्यांले नाश्ता द्यायचा, अशी तिकडं रीत आहे. मी म्हटलं, पोरीनं जवसावर जिंदगी घातली, तं नाश्ता पामतेलाचा कावून? तुमी पाठवलेलं जवस घेऊन पावर हाउस बाजारातल्या तेलघाणीवर गेलो अन् तेल काढून आणलं. सोन्यावानी तेल, दादा! अन् हिरा लोणच्याच्या बरण्यांले ऊन दाखवते, तसं आपणही दाखवावं म्हणजे टिकते, असं माह्या डोक्यानं घेतलं. आठ दिवस गच्चीवर परातीत ठेवलं, वरून धोतराचं फडकं. परीक्षेच्या सकाळी पाहतो तं तेल जाड झालेलं. मले वाटलं, सत्त्व उतरलं. त्यातच शंभर आलूबोंडे तळले. हिरा म्हणाली, वास येऊन राहिला. मी म्हटलं, तुले कदर नाही.

हॉलमधी एसी चालू, खिडक्या बंद, अन् बोंड्याचा डबा माह्या मांडीवर, मांगच्या रांगेत. हर्षा बोलू लागली. पंधरा मिनिटं झाली असतील, बाहेरून आलेल्या परीक्षकांनं नाक वर केलं अन् विचारलं, का इथं तेलरंगाचं काम चालू आहे काय? त्यांच्या बाजूले बसलेल्या रत्नमाला मॅडम, हर्षाच्या गाइड, इकडंतिकडं पाहू लागल्या. हर्षानं सरळ माह्याकडं पाहिलं. दादा, त्या वेळी आमगावची वरात मले डोळ्यासमोर दिसली. पोरीची पाच वर्षं मी शंभर बोंड्यात तळली, असंच वाटलं.

अन् पोरगी काय करते? डबा समोर मागवला. झाकण उघडलं. म्हणाली, ‘सर, ये मेरे बाबा ने बनाया है.’ मान खाली नाही घातली! मग तिथंच त्याईले समजावून सांगतलं, का ज्या जागी शेपूट वाकते, त्याच जागेच्या शेजारी हवा तोंड घालते. उन्हात, कढईत हे तेल लवकर बिघडते, म्हणून खिडक्यांच्या रंगात तेच घालतात. अन् शरीरात ह्याच वाकड्या शेपटांले सांभाळाले व्हिटॅमिन ई लागते. परीक्षकांनं लिहिणं सोडून ऐकलं. नंतर कोणाले काही विचारायचं काय, असं म्हणाले, तं हे तुमचं मुकं भावंड उभं राहिलं. मी विचारलं, हमने चौतीस साल रेल सीधा किया है, आप बताइए, कितना टेढ़ा अच्छा है? सगळे हसले. हर्षा नाही हसली. म्हणाली, सगळीच वाकडी असली तं भिंत गळन, सगळीच सरळ असली तं गोठन. दोन्ही पाहिजे, अन् मधात कोलेस्टेरॉल बसते, ते दोघांलेही हद्दीत ठेवते. परीक्षक म्हणाले, यही सवाल मैं पूछने वाला था. ऐका, दादा! प्लांटातल्या माणसाचा सवाल अन् त्याईचा सवाल एकच!

अर्ध्या तासानं निकाल सांगतला. आपली हर्षा डॉक्टर झाली. मी रडलो. बोंडे कोणी खाल्ले नाही.

इथून हिरेचा अन् डॉक्टर हर्षाचा तुमा दोघांले नमस्कार.

तुमचा,
देवराव

ता. क. उरलेलं तेल खिडक्यांच्या चौकटीले मारलं. लय चकाकून राहिल्या आहेत. शेजारी विचारून गेले, कोणता रंग.

ता. क. दुसरं. मी शब्द पाळला, डिग्री वैशाखातच आली. आता आमगावले नाही म्हणून तुमीच कळवा. मले त्याईच्यासमोर बोलता येत नाही. आषाढात हर्षा दोन वर्षांसाठी हैदराबादले चालली, नोकरी लागली. घर कसं वाटन, ते आत्ता नाही लिहीत.

ता. क. तिसरं, अन् हे वाचून रागावू नका. पुतणीले चटणी आवडते म्हणून तुमी पाच वर्षं जवस पाठवलं, अन् दर वेळी विचारलं, खाल्ली काय. दादा, ती चटणी कोणी खाल्लीच नाही. जवस उंदरांनं खाल्लं. तुमाले सांगाची माही हिंमत नाही झाली. पण हर्षानं लपवलं नाही. तिच्या डिग्रीच्या पुस्तकात सुरुवातीलेच आभाराचं पान आहे, अन् त्यात माह्या अन् हिरेच्याही आधी तुमचं नाव छापलं आहे: मोठेबाबा सुखराम यांच्या शेतातल्या जवसाशिवाय हे काम झालं नसतं. एक प्रत तुमच्या सालेकसाच्या बसनं पाठवून राहिलो. इंग्रजी आहे, तं पान सापडावं म्हणून त्याचा कोपरा मी वाकवून ठेवला. तो सरळ करू नका.