बापूरावांचं सकाळचं वजन

बिबवेवाडी, पुणे
सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
हिराचा सा. न. वि. वि.

तुझं कानातलं यंत्र आणि माझा फोन यांचं जमत नाही. ओरडून बोलावं तर हे शेजारच्या खोलीत पडलेले असतात, आणि तुझं नाव कानावर पडलं की यांचा श्वास आणखी चढतो. म्हणून दुपारी यांचा डोळा लागल्यावर पत्र लिहायला बसले आहे.

यांना दवाखान्यातून घरी आणून आठ दिवस झाले. हृदय दमलंय, अंगात पाणी साठतं, असं डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, कारण ते वजन जेवणाचं नसतं, पाण्याचं असतं, आणि ते छातीत चढतं. काम एवढंच. त्यासाठी आमच्या सलिलने ऑनलाइन काचेचा वजनकाटा मागवून दिला. निळे आकडे, फोनला जोडायची सोय, दिसायला देखणा. मुलगा म्हणून मला त्याचं कौतुक आहे, काट्याचं नाही. मंगळवारी ६८.४, बुधवारी ७०.९. शुक्रवारी तीनदा उभं केलं तर तीन वेगळे आकडे. बुधवारी घाबरून डॉक्टरांकडे फोन केला. तिथल्या मुलीने यांना बोलावून घेऊन पुन्हा तोललं, तर ६८.५. ती हसली. हेही हसले, ते मला जास्त लागलं.

आता फोन करायची लाज वाटते आणि न करायची भीती. चौतीस वर्षं तू वजनमापे खात्यात निरीक्षक होतास, सगळ्या पेठांचे काटे तपासलेस. या एका काट्याला वठणीवर आण. यांना रात्री श्वासासाठी दोन उशा लागतात, दादा. मला फार भीती वाटते.

वहिनींना नमस्कार. बाकी तुझा लोभ मी गृहीतच धरलेला आहे.

तुझी,
हिरा

कोथरूड, पुणे
बुधवार, दि. ५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हिरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. काचेचा वजनकाटा ही वस्तू मी काट्यांत धरत नाही. ती आरशासारखी वस्तू आहे, घरात शोभेला ठेवावी. सलिलने इंजिनिअर होऊन बापासाठी खेळणं घेतलं, याचं मला नवल नाही. ज्या पिढीला दूध किती उतू गेलं हेही फोन सांगतो, तिच्याकडून दुसरी अपेक्षा नाही.

पण तुझाही गाढवपणा कमी नाही. काटा कुठे ठेवतेस हे तू लिहिलं नाहीस, म्हणजे बाथरूममध्ये ठेवतेस. बाथरूमची फरशी मोरीकडे उतरती असते, एवढं पन्नास वर्षं ती धुऊन कळलं नाही? उतारावरचा काटा प्रत्येक वेळी नवं सांगणारच. आणि खाली पायपुसणं असणार, काच गार लागते म्हणून. ते आधी काढ.

बाहेरच्या पॅसेजमध्ये एका अखंड फरशीवर काटा ठेव. सांध्यावर नको. काट्याचा एक पाय दबला की दुसरा उचलतो का ते चारही कोपरे दाबून पाहा. एकदा ठेवलास की हलवू नकोस, भिंतीला उभा करू नकोस. सेल नवे घाल. आधी पायाने टेकवून काटा जागा कर, शून्य दिसू दे, मग बापूरावांना चढव. उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज त्याच लुंगी-बनियनवर. दोन पाय मध्यभागी, नजर समोर, हात कशालाही टेकलेला नको. एकदाच तोलायचं. तीनदा तोलून त्यातला आवडता आकडा निवडायचा ही दुकानदारी झाली, आणि ती तुझ्या घरात पुरेशी होऊन गेली आहे.

शेवटचं. बापूरावांनी किराण्याचं दुकान बंद केलं तेव्हा शिक्क्याची लोखंडी मापं माळ्यावर टाकली असतील. काट्यावर वीस किलो ठेवून बघ. खरी मापं घे म्हणजे झालं. खोटं होतं ते १९९२ साली मी जप्त केलं आहे.

तुला आणि तुझ्या धीराला आशीर्वाद. बापूरावांना काही सांगायची गरज नाही.

तुझा,
दादा

बिबवेवाडी, पुणे
गुरुवार, दि. १३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या शिव्या पोचल्या, आणि दुर्दैवाने सगळ्या बरोबर निघाल्या. पायपुसणंही होतं, गुलाबी. काटा पॅसेजमध्ये आणला आणि शहाणा झाला. रविवारपासून ६८.६, ६८.५, ६८.६, ६८.५, आज पुन्हा ६८.५. वही पाहून मला पंधरा दिवसांत प्रथमच नीट झोप लागली.

मापं माळ्यावर गोणपाटात होती. पाच-पाचची चार काढताना माझी कंबर गेली. वीसला काटा वीस दाखवतो, एक पॉइंटही इकडेतिकडे नाही. आवाजाने हे उठून आले. मापं पाहून सगळं समजले. म्हणाले की तुमच्या बंधूंनी दुकान तोललं, आता दुकानदारही तोलायला घेतला वाटतं. मेल्यावर राखही तोलून पावती द्यायला सांगा. तेहतीस वर्षांत तू आमचा उंबरा ओलांडला नाहीस आणि यांनी तुझं नाव सरळ घेतलं नाही. मला वाटायचं, एवढी वर्षं राग धरायला ताकद लागते. यांच्याकडे आता जिना चढायचीही नाही, राग मात्र शाबूत आहे.

वहिनींचा गुडघा कसा आहे ते कळव. माझ्यावरचा लोभ शिव्यांच्या रूपानेही चालेल.

तुझी,
हिरा

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते. शनिवारी ६८.५, रविवारी ६९.२, काल ६९.९, आज ७०.६. फरशी तीच, लुंगी तीच, वेळ तीच. हे म्हणतात की काटा पुन्हा बिघडला. दोन घास तर खातो, वजन वाढेल कुठून. डॉक्टरांकडे फोन करायला निघाले तर म्हणाले की पुन्हा त्या पोरीला हसवायचं असेल तर खुशाल कर. सलिल कामासाठी बंगळूरला आहे.

न तपासलेल्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे बाबांनी आपल्याला लहानपणापासून शिकवलं. तू सांग, हा आकडा धरू का? लगेच कळव. पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन टाकते.

तुझी,
हिरा

कोथरूड, पुणे
बुधवार, दि. १९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हिरास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल टाकलेलं पत्र आज मिळालं. टपाल खात्याला काय झालंय कळत नाही.

आकडा धरू नकोस. वीस किलोला बरोबर असलेला काटा सत्तरला बरोबर असतोच असं नाही, ही आमच्या खात्यातली पहिली इयत्ता आहे. जेवढा भार तोलायचा तेवढ्या भारावर तपासणी हवी. तू वीसवर थांबलीस, म्हणजे तुझी तपासणी निम्मीसुद्धा झाली नाही. असली खेळणी आठवडाभर नीट वागतात आणि मग सुटतात.

दुसरी शक्यता सांगतो, ती तुला आवडणार नाही. बापूराव दोन घास खातात हे तुला बापूरावांनीच सांगितलं. ज्या माणसाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दोन किलोत शंभर ग्रॅम मारले, तो बायकोच्या पाठीमागे फरसाणाचा डबा उघडत नसेल, हे मी लिहून देणार नाही. डबे मोज. उगीच डॉक्टरांना फोन करून पुन्हा हसं करून घेऊ नकोस. माळ्यावरची सगळी मापं काढून सत्तर किलोला काटा पाहा आणि मला कळव, मग ठरवू.

धीर धर. तुझ्या दादाने आजवर चुकीचा शिक्का मारलेला नाही.

तुझा,
दादा

पुणे, दवाखान्यातून
रविवार, दि. २३ फेब्रुवारी २०२५

दादास,
नमस्कार.

काटा बरोबर होता.

बुधवारी ७१, गुरुवारी ७१.४. गुरुवारी दुपारी तुझं पत्र आलं आणि मी तुझ्या शब्दाखातर डबे मोजले. नवरा खाटेवर धापा टाकत होता आणि मी फरसाणाचा डबा हलवून पाहत होते. डबा भरलेला होता, दादा, त्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं. मग स्टूल लावून मापं काढायला लागले. पन्नास किलोपर्यंत रचली. पन्नासला पन्नास. पुढची काढायला अंगात बळ उरलं नाही.

शुक्रवारी सकाळी यांना आडवं होता येईना. खाटेच्या कडेला बसून श्वास घेत होते आणि श्वास आत जात नव्हता. रिक्षा, जिना, शेजारच्या अपेक्षाने धरलेली खुर्ची, सगळं नीट आठवतही नाही. आता आयसीयूत आहेत. डॉक्टरांनी वही पाहिली. आकडे फार छान लिहिलेत म्हणाले, आणि विचारलं की मंगळवारीच दोन किलोच्या वर गेलं होतं, मग फोन का नाही केला. मी भावाच्या पत्राची वाट पाहत होते, असं सांगितलं. त्यांनी वही मिटून परत दिली. दुसऱ्या पेशंटकडे गेले.

मी तुझ्यावर रागावले आहे आणि माझ्यावर त्याहून जास्त. सत्तरीच्या बाईला नवऱ्याची सुजलेली पावलं दिसतात, त्यासाठी शिक्का लागत नाही. ती मला सोमवारीच दिसली होती. मी तुला लिहिली नाहीत, कारण तू पावलांचा निरीक्षक नव्हेस. हे जगतील की नाही मला ठाऊक नाही. तू आता मला पत्र पाठवू नकोस.

हिरा

कोथरूड, पुणे
शुक्रवार, दि. २८ फेब्रुवारी २०२५

श्री. बापूराव यांस,
अनंताचा स. न. वि. वि.

आपल्याला मी यापूर्वी एकच कागद पाठवला होता, तो जप्तीचा. हा दुसरा.

मंगळवारी दवाखान्यात आलो होतो. काचेतून हिरा दिसली, बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेली. आत यायचं धैर्य झालं नाही, परत फिरलो. आपल्याला आयसीयूतून बाहेर आणल्याचं सलिलने माझ्या सुनेला कळवलं. माझ्याशी तो बोलत नाही, ते योग्यच आहे.

बुधवार पेठेतून अगदी तसाच काचेचा काटा विकत आणला आणि ओळखीच्या दुकानातून शिक्क्याची मापं मागवून ऐंशी किलोपर्यंत तपासला. कुठेही खोट नाही. त्या खेळण्याला जे आलं ते मला आलं नाही. मी काटा पाहिला नाही, बापूराव, मी आपल्याला पाहिलं आणि तिथेच निकाल दिला. मी नोकरीत असताना हाताखालच्या कोणी न जाता, न बघता, घरबसल्या असा शेरा मारला असता तर त्याला मी घरी पाठवला असता. बहिणीच्या घरी जायला मला बसने पाऊण तास लागतो. ताठा आड आला आणि मी पत्र पाठवलं. आपला जीव त्यात जायचा राहिला. मी आपली माफी मागतो.

१९९२ची माफी मागत नाही. माप कमी भरलं होतं.

हिराने मला पत्र लिहायला मना केलं आहे, म्हणून तिला लिहिलेलं नाही. आपण मला लोभ दाखवावा अशी मागणी करायची माझी लायकी नाही, तेव्हा ती ओळ सोडतो.

आपला,
अनंत

बिबवेवाडी, पुणे
मंगळवार, दि. ४ मार्च २०२५

श्री. अनंतराव यांस,
बापूरावाचा नमस्कार. वि. वि.

पत्र वाचलं. अक्षर चांगलं आहे. जप्तीच्या कागदावरही चांगलंच होतं.

१९९२ची माफी मागितली नाहीत हे बरं केलंत. मापाच्या तळातलं शिसं गळून ते हलकं झालेलं मला चार महिने आधीपासून ठाऊक होतं. बदलून घेतलं नाही, कारण तसंच चालत होतं. हे मी हिराला कधी सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पण भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर मला अहो-जाहो सोडून बोललात, ते मी विसरलेलो नाही आणि विसरायचा विचारही नाही.

आता कामाचं. रविवारी घरी आलो. पाण्याचं औषध वाढवलंय, ६७.८ वर आहे. हृदय होतं त्याहून अधू झालं, ते परत पहिल्यासारखं होणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. त्याला मी रडत नाही. अडचण वेगळी आहे. मी काट्यावर चढलो की हिराचा आकड्यावर विश्वास बसत नाही. आकडा वाचते, पुन्हा वाचते, मला तीन-तीनदा चढवते. काल वजन शंभर ग्रॅमने वाढलं तर ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तासभर उठली नाही. पंचेचाळीस वर्षं माझा संसार केलेली बाई आहे. तिला असं बघवत नाही. सलिलला वेळ नाही, आणि त्याने वेळ काढला तर त्याचा फोनच वजन करील.

तेव्हा रोज सकाळी साडेसहाला तुम्ही यायचं. आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. वाढला तर तिथेच उभं राहून डॉक्टरांना फोन लावून तिच्या हातात द्यायचा. तुमचं मत कोणी विचारणार नाही. काट्याबद्दलही नाही आणि माझ्याबद्दलही नाही. पहिले काही दिवस ती तुमच्याशी बोलणार नाही. मी बोलेन, पण ते तुम्हाला ऐकू येणार नाही, ही त्यातली सोय.

हे पत्र तुम्हाला उशिरात उशिरा गुरुवारी मिळेल. शुक्रवारी या. येतो म्हणून उत्तर पाठवू नका, सरळ या. हिराला मी सांगितलेलं नाही. दार मीच उघडीन, तेवढं चालता येतं.

लोभ असावा असं लिहिण्याइतका आपल्यात तो कधी नव्हता. रोज यायला लागलात तर बघू.

आपला,
बापूराव