निळ्या ऑर्किडची पाटी

सर, तुम्ही ऑर्किडच्या सगळ्या पाट्या काढून टाकल्यात, त्याला कारण मी आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

कॉलेजमागच्या हिरव्या जाळीत आता मीच असते. कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेल्या टोपल्या तशाच टांगलेल्या आहेत, मुळं खाली लोंबताहेत. त्या उन्हाळ्यात तुम्ही मुलीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर गेला होतात. जाताना म्हणालात, "सकाळच्यालाच पाणी घाल. शेंड्यात थेंब राहू देऊ नको, कुजतंय ते." मी तुमचीच विद्यार्थिनी, तुमच्या हाताखाली नुकतीच शिकवायला लागलेली. हे मला पाठ होतं. पण एक दिवस सकाळी राहून गेलं, आणि संध्याकाळी घाटनांदूरची गाडी चुकेल म्हणून मी घाईत सगळ्यांवर नळी मारली. चार दिवसांनी तुमच्या निळ्या व्हँडाचा, त्या निळ्या ऑर्किडचा, शेंडा नुसता हात लावला तर निघून आला. मऊ, काळा, घाण वासाचा. ते रोप तुमच्या मित्रानं आसामातून धाडलं होतं. शेजारी तेवढंच, गुलाबी फुलाचं, नर्सरीतून आणलेलं. दोन्ही अजून फुलली नव्हती, पानं सारखीच. मी कुजलेलं रोप पुरलं आणि त्याची पाटी गुलाबीच्या टोपलीला बांधली.

"गुलाबी कुजलं, सर."

"असू दे. निळं हाय ना?"

"हाय."

तुम्ही रागावला नाहीत. उलट मला चहा पाजलात.

पुढं तीन वर्षं त्या झाडाला थंडावा मिळावा म्हणून तुम्ही भर दुपारी घरून यायचात, भोवती ओली पोती बांधायचात. पोत्याचं दुसरं टोक मीच धरलेलं असायचं. त्यातल्या कुठल्याही दुपारी मला बोलता आलं असतं. मग तुरा आला. कळ्या हिरव्या असतानाच तुम्ही बीड, लातूरच्या प्राध्यापकांना बोलावणं धाडलंत. ते आले त्या सकाळी पहिलं फूल उमललेलं होतं, गडद गुलाबी. एकजण हसून म्हणाले, "सर, आमच्याकडं ह्याला निळा म्हणत न्हाईत." सगळे हसले. तुम्ही पान उलटसुलट करून पाहत राहिलात. "पोरांना जन्मभर सांगितलं, फूल बघितल्याबिगर नाव पक्कं करू नका," तुम्ही म्हणालात. "अन् मीच पाटी लावून बसलो." मग माझ्याकडे वळलात. "तुला कधी शंका आली न्हाई का गं?"

"न्हाई, सर."

पाहुणे गेल्यावर तुम्ही एकेक पाटी सोडवलीत. खरी नावं होती ती, मी बदललेलं ते एक सोडलं तर एकही चुकलेलं नव्हतं. मी तुमच्यामागे खोकं धरून फिरत होते. त्यानंतर मुलं रानातून काही घेऊन आली की तुम्ही म्हणायचात, "मॅडमला दाखवा. माझी नजर गेली आता." नजर गेलेली नव्हती. दोन वर्षांनी तुम्ही गेलात, स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसासारखे.

आता लोक मोबाईलवर फोटो पाठवून मला नावं विचारतात, आणि मी सांगते. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, इथल्या जुन्या झाडांना पाट्या का नाहीत? मी म्हणाले, "आमच्या सरांना शेवटी शेवटी ओळखू येत नव्हतं." किती सहज निघालं तोंडातून.

तुमच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. हे तिला तरी कळायला हवं. पण ती दिवाळीला न चुकता फोन करते, "बाबांची झाडं तुम्ही जपलीत," म्हणते, आणि तो फोन बंद झालेला मला नको आहे.