मार्क, लिरा आणि पेढीची गादी

५ सप्टेंबर २००१
काकांनी शेवटी कबूल केलं! पान लावता लावता, माझ्याकडे न बघता — "युरोचं जमव रुची, यंदा श्री तूच काढजो."

आमच्या पेढीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीत पहिला 'श्री' जो काढतो, तोच पुढं गादीवर बसतो. आजपर्यंत एकाही बाईनं काढलेला नाही.

माझी आठवण आली ती उगाच नाही. पेढीचा हिशेबाचा प्रोग्राम मी लिहिलेला. आमचं कोसा रेशमाचं कापड जर्मनीला जातं, इटलीला जातं, त्याची बिलं त्यावरच निघतात. जानेवारीपासून जर्मनीचा मार्क बंद, इटलीचा लिरा बंद, सगळीकडे युरो. प्रोग्राम बदलला नाही तर घोडं अडणार! पगाराचं विचारू नये. घरच्या पोरीला पगार कसला?

९ सप्टेंबर
काका जेवताना म्हणाले, "आपल्याइथं एका जिल्ह्याचे दोन केले, अन् ते गोरे बारा देशाची एक नोट करून राहिले. काहून?" मी म्हटलं, त्यांचं पटत असेल. काकांना ते झोंबलं. झोंबू दे.

२० सप्टेंबर
पुण्याच्या कंपनीचा फोन. निवड झाली! जानेवारीत रुजू व्हायचं. तिथंही हेच काम — परदेशी कंपन्यांचे हिशेब युरोत बसवायचे. फक्त तिथं पैसे देतात.

आईला सांगितलं. ती मागच्या खोलीत विणकरांना द्यायचं सूत तोलत होती. बाबा गेल्यापासून तीच तोलते, तीच लिहिते, आणि पेढीवर कोणी विचारलं तर काका म्हणतात, "वहिनी घरीच असते." तिनं तराजूवरची नजर काढली नाही. "जाशील?" एवढंच. मी म्हटलं, बघू.

३ ऑक्टोबर
लिरानं जीव खाल्ला. लिराला पैसे नसतात, नुसते लांबलचक आकडे. म्हणून इटलीच्या खात्यात मी दशांशाची जागाच ठेवली नव्हती. माझंच शहाणपण! आता युरोला सेंट आहेत. प्रत्येक खातं उघडा, जागा करा, बिलाची छपाई पुन्हा जुळवा. एक रकाना सरकवला की सगळं बिल तिरपं.

शिवाय मार्कातून लिरात सरळ जायचं नाही असा नियम. आधी युरो करायचा, मग पुढं. आणि दर पुरा घ्यायचा — एका युरोला १.९५५८३ मार्क. नीलेश म्हणाला, "एक पंच्याण्णव धर ना, मोठी आली!" नीलेश म्हणजे काकांचा मुलगा. पेढीवर येतो तो पेपर वाचायला.

आई चहा घेऊन आली आणि खुर्चीमागे उभी राहिली. "दिवसभर बसूनच राहाचं का इथं?" मी वैतागून म्हटलं, तू जा गं.

१२ ऑक्टोबर
पुण्याला 'नाही' म्हणून कळवलं. एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून.

आईला सांगितलेलं नाही. आधी 'श्री' काढीन, मग सांगीन. तिचा चेहरा मला त्या दिवशी बघायचा आहे.

१० नोव्हेंबर
जमलं!! जुनं बिल मार्कात टाकलं, युरोत उतरलं, बरोबर. लिरातलंही. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, "बढिया" म्हणाले. मागच्या खोलीत आईशी बराच वेळ बोलत होते. वहीचं विचारत असतील. मला जरीकाठाची साडी नेसायची आहे.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
तोंडाला पानं पुसली.

सगळं मांडलं होतं. लाल वही, पितळी समई. कॉम्प्युटरलासुद्धा मीच हळदकुंकू लावलं. भटजी म्हणाले, चला, श्री कोण काढतं? मी पदर सावरून पुढं झाले. काकांनी पेन उचललं, क्षणभर हातात धरलं. माझ्याकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. आणि म्हणाले, "नीलेश, ये बेटा."

नीलेशचा 'श्री' पण धड आला नाही! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुढं केलेला हात मागं घेतला आणि उगाच फुलं सारखी करत बसले. भर सभेत थोबाडीत बसावी तसं वाटत होतं.

आणि आई? एक शब्द नाही! प्रसाद वाटत होती. माझ्या हातावर लाडू ठेवताना वरही बघितलं नाही तिनं. माझ्यासाठी तोंड उघडणं तिला कधी जमलंच नाही. गरीब गाय. मला तिचा काकांपेक्षा जास्त राग आला आहे.

१५ नोव्हेंबर
काकांनी साडी पाठवली. मी परत पाठवली.

१६ नोव्हेंबर
पुण्याला फोन लावला. जागा भरली. "तुम्हीच नाही म्हणालात ना, मॅडम?" हो. मीच.

४ डिसेंबर
नीलेशनं दर १.९५ केला! माझ्या प्रोग्राममध्ये हात घालून! जर्मनीच्या बिलात फरक आला, काका घाबरे झाले. "रुची, पाय बरं हे काय होऊन राहिलं?" गादीवरच्याला विचारा, म्हटलं. दुपारी जाऊन नीट केलंच. माझं काम कोणी घाण करावं हे मला बघवत नाही. हीच तर माझी खोड, आणि काकांना ती पक्की ठाऊक आहे.

आईशी कामापुरतं बोलते. ती रोज ताटात जास्तीचं तूप वाढते. मी बाजूला सारते.

३१ डिसेंबर
सगळी खाती आज युरोत फिरवली. 'एकदा फिरवलं की मागं येता येत नाही' ही सूचना मीच स्क्रीनवर टाकून ठेवली होती. नीलेशची बटण दाबायची छाती होईना. मी दाबलं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी मान काढून घेतली. आता जन्मभर हेच! नीलेश गादीवर आणि मी त्याच्या चुका निस्तरायला.

१ जानेवारी २००२
टीव्हीवर लोक नव्या नोटा दाखवून हसत होते. आईनं टीव्ही बंद केला, बाबांची बॅग काढून माझ्यासमोर ठेवली.

"पोरीले श्री काढू देऊ नका, असं मीच म्हटलं होतं भाऊजींले. हात जोडले त्यांच्यापुढं. मी मांगच्या खोलीत बसली, तं बसलीच. तू नको बसू. पुण्यावाले जानेवारीत बोलावते ना? सांग, कधी निघाचं?"

बॅगेत तिनं दोन नवे टॉवेल घातले आहेत. ती जागा गेल्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.