मोयनोकला दिलेला कोट

काराकोल, २४ फेब्रुवारी

बुरुल एजे, सलाम.

मॉस्कोत बर्फ फार पडलाय म्हणे. दुहेरी मोजे घालतेस ना? बेगायचा खोकला गेला, आईची आठवण काढते. माझं गॅरेजचं काम चालू आहे. मोठी बहीण असलीस तरी कॉलेजचा विषय काढू नकोस.

माझं सगळं बदललं ते शनिवारी दुपारी, बेगाय "सुयुंचू! सुयुंचू!" ओरडत माझ्याकडे धावत आली तेव्हा. पण आधी थोडं मागचं.

पोरगी खाऊ उशीखाली लपवते, तिला द्यायला शिकव, असं तूच फोनवर म्हणालीस. म्हणून दर शनिवारी तिला गावाबाहेरच्या कुत्र्यांच्या आश्रयघरात नेतो. पहिल्या खेपेला तिने बुरशी आलेला पाव उचलला. मी म्हटलं, "नकोसं टाकणं म्हणजे देणं नव्हे. आवडतं ते द्यायचं." मग तिने स्वतःचे आवडते तळलेले बोरसोक निम्मे डब्यात भरले आणि वाटभर रडली. आता मात्र तिथे सगळ्यांना वाटत सुटते.

खरं सांगू? शनिवारची वाट तिच्यापेक्षा मीच जास्त बघायचो. तिथे चोल्पोन आहे, कुत्र्यांसाठी लापशी शिजवते. आणि तो उलानही आहे, जनावरांचा डॉक्टर. त्याच्या फालतू विनोदांवर ती पोट धरून हसते. त्याच्या बाहीवरचे केस झटकते. माझ्या बाहीवर केस नव्हते? मी तर मुद्दाम कुत्र्यांना कवटाळून बसायचो!

एकदा बेगायच्या कानात सांगितलं, "उलानला बोरसोक द्यायचा नाही."

"का? त्याला भूक लागत नाही?"

"त्याच्याकडे सगळं भरपूर आहे."



शनिवारी नवा कोट घालून गेलो, आतून मेंढीच्या लोकरीचा. चार महिने पोटाला चिमटा काढून घेतलेला. आज चोल्पोनला विचारायचंच, असं ठरवलं होतं. फाटकापाशी धीर गोळा करत उभा राहिलो, तोवर बेगाय आत जाऊन पळत बाहेर आली. "मामा, सुयुंचू!"

सुयुंचू म्हटलं की आनंदाची बातमी ऐकायच्या आधीच बक्षीस कबूल करायचं, हा आपला रिवाज. मला मूर्खाला वाटलं, चोल्पोननेच काही निरोप पाठवलाय. म्हटलं, "माग गं राणी, काय हवं ते माग!"

"शब्द?"

"शब्द!"

"उलान डॉक्टरांच्या आईने काल चोल्पोन एजेच्या कानात डूल घातले! आता लग्न!"

एजे, माझ्या कानात नुसतं भुंकणं ऐकू येत होतं.

"आता माझं सुयुंचू," ती म्हणाली. "तुझा कोट."

"तुला कशाला?"

"मला नको. मोयनोकला. सगळ्यात म्हातारा कुत्रा आहे, फरशीवर झोपतो."

"घरचं जुनं गोधडं आणू की त्याला."

"ते तुला आवडत नाही. कोट आवडतो."

आमचं बोलणं ऐकून उलान बाहेर आला, मागून चोल्पोन. तो म्हणाला, "अरे तिलेक, गारठशील! माझ्याकडे घोंगड्या आहेत."

"तुमच्या तुमच्याकडेच ठेवा!" मी खेकसलो.

बेगायने डबा उघडून उलानपुढे धरला. "मामा म्हणतो तुमच्याकडे सगळं भरपूर आहे. तरी घ्या."

चोल्पोनने माझ्याकडे पाहिलं. इतक्या शनिवारांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. तिला सगळं कळलं. कानातले डूल हलत होते. तेही चांदीचेच.

मी तडक मोयनोकच्या कोठडीत शिरलो. कोट काढताना चोल्पोनसाठी खिशात आणलेलं बाहेर घ्यावं लागलं. बेगायने विचारलं, "हे कुणाचे डूल?"

"तुझ्या आजीचे."

"हेपण द्यायचे?"

"नाही. हे आता तुझ्या आईचे आहेत. मला द्यायचा हक्क नव्हता."

तिच्या मुठीत ठेवले. घरी आल्यापासून तिने ते उशीखाली ठेवलेत, आणि या वेळी मी तिला रागावलो नाही.

कोट फरशीवर पसरला. मोयनोकने हुंगला, तीन गिरक्या घेतल्या आणि कॉलरवर हनुवटी टेकून डोळे मिटले. मी शर्टावरच बाहेर आलो, आणि कोठडीचं दार लावून घेतलं.

तुझ्या पेटीचं कुलूप तोडणारा,
तुझा भाऊ तिलेक