आधीच लिहून ठेवलेलं

रविवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग. मी बरी आहे, खोकला गेला, चप्पल तुटली. हाताने पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. कारण पुढे येईलच, पण त्याला जरा धीर गोळा करावा लागेल.

आधी माझं रडगाणं. सोमवार-मंगळवार शाळेत समुपदेशनाची इंटर्नशिप, बुधवार-गुरुवार दवाखान्यात दुसरी, शुक्रवार-शनिवार वर्ग आणि रोज संध्याकाळी बुटांच्या दुकानात लोकांचे पाय मोजायचे. एक ना धड, भाराभर चिंध्या. परवा दुकानात एका बाईंना मी विचारलं, हे बूट घातल्यावर मनात काय येतं? त्या म्हणाल्या, अंगठा दुखतो.

हसलीस तर बरं वाटेल.

दवाखान्यात बुधवारी चार वाजता माझ्याकडे एक म्हातारे घड्याळजी येतात. बायको गेल्यापासून त्यांना घरात करमत नाही. सहा आठवडे तेच बोलणं, तोच हुंदका, तोच रुमाल. प्रत्येक भेटीची नोंद लिहावी लागते आणि ती लिहिता लिहिता माझी दुकानाची बस चुकते. म्हणून या बुधवारी मी नोंद जेवणाच्या सुट्टीतच लिहून टाकली: 'वेळेवर आले. झोप सुधारली. पत्नीबद्दल शांतपणे बोलले.'

ते आलेच नाहीत. कुणी आलं नाही तर पंधरा मिनिटांत फोन करायचा, हा नियम. पण मला काय वाटलं सांगू? सुटले बाई. टेबलावर डोकं टेकलं आणि तासभर मेल्यासारखी झोपले. उठले ती धावतच. जाताना फाइल जागेवर ठेवली, नोंदीसकट.

घड्याळजी आजोबा तेव्हा दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर बसून होते. उठायचं बळच आलं नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोनवर सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. फाइल माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "हे कोणाबद्दल लिहिलंयस?"

मंगळवारी कॉलेजची समिती बसेल. मला ठेवायचं की काढायचं, ते तिथे ठरेल. सहा महिन्यांचं काम पाण्यात जाऊ शकतं. त्याआधी आजोबांना खरं सांग, असं मॅडम म्हणाल्या. शुक्रवारी वर्ग बुडवून सांगितलं. ते बराच वेळ रुमालाच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, तेही कधी कधी न उघडलेल्या घड्याळाला 'तयार' अशी चिठ्ठी लावून ठेवायचे आणि गिऱ्हाईक लवकर आलं की तोंड लपवायला जागा नसायची.

"पण मला राग आलाय तुमचा," ते म्हणाले. "तो बुधवारी सांगेन. असाल ना?"

मंगळवारनंतर मी तिथे असेन की नाही, मलाच ठाऊक नाही.

आता ते, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. ताई, दर रविवारी नऊला तुला येणारे माझे निरोपही तसेच होते. महिन्याचे सगळे एकदम लिहून मोबाइलवर वेळ लावून ठेवायचे मी. तीन रविवारांपूर्वी तू पावणेनऊला कळवलंस, बाळ राहिलं नाही म्हणून. आणि नऊला त्याच्याखाली माझा निरोप आला: 'मी मजेत! बाळाच्या लाथा काय म्हणतात?'

मी झोपले होते गं. दुपारी पाहिलं. उरलेले निरोप पुसले, पण फोन केला नाही. वेळ नव्हता, असं स्वतःला सांगायची सोय होती. खरं तर तुझ्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. परक्यांचं दुःख ऐकायला शिकतेय आणि तुझं ऐकायला घाबरले. मला फार लाज वाटते. बाळाचं फार, फार वाईट वाटतं.

समितीचं व्हायचं ते होईल. पुढच्या रविवारी पहिल्या बसने मी तुझ्याकडे येतेय. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, मी नुसती शेजारी बसेन. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. काय बोलायचं, ते ठरवून आणणार नाही.

तुझीच,
फार उशिरा पोचणारी
धाकटी