सगळे दांडे एका मापाचे

बाबा,

चहा थर्मासमध्ये आहे. आधी तो घ्या, गोळी घ्या, मग शेडमध्ये जा. उपाशीपोटी जाऊ नका, कारण तिथे तुमचं डोकं फिरणार आहे.

काल तुम्ही दवाखान्यात असताना मी जुन्या ट्रकच्या कडेच्या फळ्यांचे, फाळक्यांचे, उभे दांडे खालून तासून सगळे एका मापाचे केले. तुमचं काम हलकं करायला गेले होते. बुडाशी खाचा होत्या, त्या मला उंदराने कुरतडल्यासारख्या वाटल्या, म्हणून त्यांच्यावरही रंधा मारला. मग बसवायला गेले, तर एक दांडा डुगडुगतो आणि दुसरा आत शिरतच नाही. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. ट्रकच्या कडेची एकेक खोबणी वेगळी वाकलीय. तुम्ही प्रत्येक दांडा आपापल्या खोबणीत बसेल असा तासला होतात, आणि कुठला कुठे जातो याची खूण म्हणून त्या खाचा पाडल्या होत्या.

पाचरी ठोकून पाहिल्या, पण तासलेलं लाकूड परत थोडंच येतंय. केबिनमागचा एक दांडा तेवढा वाचलाय, तोही माझ्या हाती लागला नाही म्हणून.

मी लाकडाच्या वखारीत जातेय, संध्याकाळपर्यंत येईन. तोवर एकट्याने दुरुस्तीला बसू नका.

आणि मी आल्यावर ‘असू दे’ म्हणू नका. संसार मोडून, बॅग घेऊन दारात उभी राहिले, तेव्हाही तुम्ही तेवढंच म्हणालात आणि शेडमध्ये निघून गेलात. या वेळी तरी ओरडा माझ्यावर.

धाकटी