फणसवाडीचं जलधोरण

१ ऑगस्ट १९५९, शनिवार. संध्याकाळी.
आजपासून रोज एक पान. ऑफिसातून आलो, पाय दुखतात, तरी लिहितोय, याची नोंद असावी.
संयुक्त महाराष्ट्र आज ना उद्या होणारच. झाला की सगळे हार घालत सुटतील, आणि मग कोणीतरी विचारेल, पाण्याचं काय? समुद्राचं काय? तयार धोरण कोणाकडे असेल? माझ्याकडे. एकूण कलमं एकवीस. आज शीर्षक लिहून खाली दोन रेघा मारल्या.

३ ऑगस्ट, सोमवार.
आधी प्रयोग, मग धोरण. आमच्या चाळीत पहाटे पाचला पाणी येतं, तासाभरात खालचा हौद भरतो आणि दुपारी बाराला तळ दिसतो. उपाय: हौदाला झाकण, झाकणाला कुलूप. उघडणार सकाळी सहा ते सात, संध्याकाळी पाच ते सहा. चाळीच्या मीटिंगमध्ये पास. अध्यक्ष तात्यांनी विचारलं, किल्ली कोणाकडे? म्हटलं, माझ्याकडे. पद्मजा मागून म्हणाली की यांनी लग्नानंतर सूर्योदय बघितलेला नाही. बायको सभेत बोलली की सभेचं गांभीर्य जातं.

५ ऑगस्ट.
किल्ली जानव्याला बांधली. पक्की गाठ. आता अंगावेगळी व्हायचा प्रश्नच नाही. हौद वेळेवर उघडतो. पद्मजा सहाला जानवं ओढून मला उठवते आणि जिन्यावरून धरून नेते. पण जबाबदारी माझीच.

१० ऑगस्ट.
नऊ कलमं झाली. थकलो. नऊ पुरेत. नववं मुख्य: समुद्रात नारळ, निर्माल्य, काहीही टाकण्यास सक्त मनाई. तात्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मग नारळी पौर्णिमेला समुद्राला काय मनिऑर्डर करायची? दुर्लक्ष केलं.
पाकीट सरकारकडे रवाना. सोबत कुलपाची दुसरी किल्ली, परिशिष्ट ब, नमुना म्हणून. पद्मजा म्हणाली, अहो, दुसरी घरात नको का? तिला धोरणातलं कळत नाही.

१२ ऑगस्ट.
तात्यांची नलू माहेरी बाळंत झाली. मुलगी. तात्या दुपारी दोन बादल्या जास्त मागायला आले. नाही म्हटलं. एक अपवाद केला की धोरण मेलं. तात्या रिकाम्या बादल्या घेऊन परत गेले. पद्मजाने रात्री ताट समोर आदळलं. मीही दमलेलो होतो.

१८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. दुपारी.
रजा टाकली. देवळात श्रावणी झाली. नवं जानवं घातलं, जुनं चौपाटीवर समुद्रात सोडलं. कलम नऊ आठवलं, पण जानवं म्हणजे काही कचरा नव्हे. तात्यांचं जानवं लाटेने परत त्यांच्याच पायाशी आणलं. माझं लांब गेलं आणि सरळ बुडालं. हातात अजून जोर आहे.

त्याच दिवशी, पाच वाजून दहा मिनिटं.
किल्ली.

साडेसहा.
चाळ हौदाभोवती बादल्या घेऊन उभी. सकाळपासून कोसळणारा पाऊस नेमका चारला थांबला, पागोळ्यासुद्धा नाहीत. किल्लीवाल्याचं दुकान सणाचं बंद. सगळे म्हणाले, तोडा. मी म्हटलं, कुलूप ठरावाने लागलंय, ठरावानेच निघेल, नोटीस चोवीस तासांची. कोणी हसलं नाही, कोणी भांडलंही नाही. तात्या, वय अडुसष्ट, शेजारच्या वाडीतून नातीसाठी कळशी आणताना दिसले. मी खिडकी लावून घेतली. डोकं दुखत होतं.

१९ ऑगस्ट.
पहाटे पाचला पाणी आलं. कुलूपबंद हौदात पडलं, हौद भरला, झाकणाखालून वाहून गटारात गेलं. गटार पुढे समुद्राला मिळतं. पंचवीस बिऱ्हाडं रिकाम्या बादल्या घेऊन बघत होती. वर नलूची पोर रडत होती.
पद्मजाने घरातून वरवंटा आणला. तीन घावांत कोयंडा तुटला. पहिली कळशी तिने तात्यांकडे नेली. जिन्यात मी उभा होतो. वाटलं, आता चांगलं सुनावेल. म्हणाली, सरका.
लाज वाटली. खरंच वाटली. ऑफिसला लवकर गेलो.

२७ ऑगस्ट, गुरुवार.
धोरण परत आलं. किल्लीने वजन वाढलं, तिकिटं कमी पडली. सरकारने नॉटपेड पाकीट घेतलंच नाही. कोणी उघडलेलंसुद्धा नाही. पद्मजाने उघडलं. किल्ली खुंटीला टांगली. कागद मागितले. नलूकडे लाकडं दमट आहेत, पोरीच्या आंघोळीचा बंब पेटत नाही. मी घे म्हटलं.
थोड्या वेळाने तात्या दारात आले. म्हणाले, हेरंबराव, पाणी छान तापलं. तुम्ही एकवीस म्हणाला होतात ना? उरलेली बारा कधी होतायत?
पद्मजाने दोन कळशा माझ्या उशाशी ठेवल्या आहेत. पाणी पाचला येतं.